उजनीतला सोनार

‘सोनार करतोय’ असं मी म्हणालो तेव्हा मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘‘आपल्यात कुणी केलंय का ते काम आजवर? आन् सोन्याचा भाव काय झालाय, हाय का ठावं?’’

मग सांगावं लागलं, की हा सोनार पाण्यातला. आवाज सोडायचा, तळावर आपटून परत येईल तो ऐकायचा, आणि खाली काय पडलंय त्याचं चित्र काढायचं. साइड-स्कॅन सोनार सरळ खाली ऐकत नाही, डावी-उजवीकडे ऐकतो. बोट पुढे सरकेल तशी चित्राची एकेक ओळ वाढत जाते, अंगण लोटत गेल्यासारखी. ऐकणारं यंत्र पाइपात बंद करून बोटीमागे ओढायचं असतं. त्याला जगभर मासाच म्हणतात, म्हणून मीही मासा म्हणतो. भिगवणच्या ज्या आण्णांची बोट मी भाड्याने घेतो त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘‘कंचा मासा सोडणार, कटला का चिलापी?’’

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० साली पुरं झालं. गाव त्याच्या आधीच उठलं होतं. ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त, जवळजवळ ६४ टीएमसी, नुसता मृतसाठा आहे, म्हणजे एरवी सोडता न येणारं तळाचं पाणी; पातळी त्याच्याही खाली गेली की टक्के उणे मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली, पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं आणि लोक गाड्या काढकाढून बघायला गेले. मी आणि मामा टेप घेऊन आमच्या गावठाणात गेलो. दारं, तुळया, चांगले दगड लोकांनी उठतानाच नेलेले. उरलेली जोती, चावडीपुढचा आड, एक पडकी भिंत. भिंत भरली ६.२ मीटर लांब, उंच १.०५. हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्याच पावसाळ्यात उजनी भरली आणि माझ्याकडे एक अशी जागा आली, जी पाण्याखाली असूनही तिची मापं माझ्या वहीत आहेत. घरी सोनार करणाऱ्याला आणखी काय हवं?

माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आता रेडिओ कोण आणतं म्हणा, सोलर पंपाचे कंट्रोलरच जास्त येतात. पण हात रेडिओवर बसलेला, म्हणून सोनारची फ्रिक्वेन्सी मी डोळे मिटून ४५५ किलोहर्ट्झ ठरवली. एएम रेडिओच्या पोटात प्रत्येक स्टेशन शेवटी याच आकड्यावर आणलं जातं. त्या आकड्याला जुळवलेल्या छोट्या कॉइली, म्हणजे आयएफटी, आणि सिरॅमिक फिल्टर माझ्याकडे बरणीभर पडलेत. शिवाय मासे शोधायच्या बाजारी सोनारलाही ४५५ चालतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४९० मीटर जातो, म्हणजे या फ्रिक्वेन्सीला लाटेची लांबी सव्वातीन मिलिमीटर. आवाज सोडणारी आणि ऐकणारी सिरॅमिकची पट्टी २० सेंटिमीटर लांबीची घेतली तर आवाजाचा झोत एका अंशाहून बारीक होतो. ३० मीटरवर तो अर्धा मीटरही रुंद नसतो.

मासा केला चार इंची पीव्हीसी पाइपाचा. नाकात शिसं ओतलं, ओढायला स्टीलचा डोळ्याचा बोल्ट बसवला, शेपटीला ॲक्रिलिकचे पंख. दोन्ही अंगांना एकेक सिरॅमिक पट्टी, तोंड थोडं खाली झुकवलेलं. पट्ट्यांच्या मागे हवाई चपलेचा सोल कापून लावला. त्यात बंद हवेचे बुडबुडे असतात, त्यामुळे पट्टीचा आवाज मागे जात नाही आणि डाव्याचं उजव्याला कमी ऐकू येतं. आमच्या हिने नव्या चपलेबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

डिसेंबरात पहिल्यांदा बोटीवर गेलो. एका अंगाला ३० मीटर बघायचं तर आवाजाला जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागतात. मी दर ५० मिलिसेकंदाला एक पिंग, म्हणजे आवाजाचा एक ठोका, ठेवला होता. लॅपटॉपवर चित्र उतरायला लागलं. आण्णा शेजारी येऊन वाकले आणि म्हणाले, ‘‘पाऊस पडतोय व्हय खाली?’’

खरंच पाऊस होता. तिरक्या ठिपक्यांच्या सरी, त्यांच्यावर माशाच्या काट्यांसारखी दाट नक्षी, आणि मधूनमधून काळा पडदा. तळ असा दिसलाच नाही. रिसीव्हरचा आकडा ४०९५ पर्यंत जातो. काहीही ऐकू येत नसताना तो दहा-पंधरावर बसायला हवा, तो ३१० वर नाचत होता.

घरी येऊन मी तेच केलं जे सगळे करतात. फेराइटचे क्लिप मागवले, वायरीतला गोंगाट अडवणारे, आणि दिसेल त्या वायरीला चावे लावले. ३१० चे २९५ झाले. पैसे गेल्यावर डोकं चाललं. ते क्लिप बहुतेक करून दहा मेगाहर्ट्झच्या वरच्या गोंगाटासाठी असतात. ४५५ किलोहर्ट्झला वायर एकदा त्यातून गेली तर अडथळा जेमतेम काही ओहमचा. फेराइट लावायचंच तर मोठं कडं घेऊन दहा-बारा वेढे मारावे लागतात, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. पण त्याही आधी गोंगाट येतो कुठून हे कळायला नको का? दुकानात रेडिओ आला तर मी कधी न ऐकता पार्ट बदलत नाही. इथे मात्र तेच केलं होतं.

मग बोट सोडली आणि मासा शेततळ्यात टाकला. प्लास्टिक अंथरलेलं तळं, इंजिन नाही, माणूस नाही. तिथेही १८०. थोड्या वेळाने एकदम २४०, मग परत १८०. शेजारच्या वावरातला सोलर पंप चालू-बंद होत होता, त्याच्या कंट्रोलरचा तो प्रताप. दुपारी पंप बंद करून घेतला तरी १८० काही हटेना. म्हणजे हा माझाच.

इथे दुकानातला जुना ट्रान्झिस्टर कामाला आला. ज्याला कुणाला असला उद्योग करायचाय त्याने हजारोंचं यंत्र घ्यायच्या आधी एक एएम रेडिओ जवळ ठेवावा. पुणे केंद्र ७९२ ला लावलं आणि रेडिओ सोनारच्या डब्याजवळ नेला. बातम्यांवर बारीक शिट्टी. काटा फिरवून दुसरं स्टेशन धरलं, तरी तीच शिट्टी, त्याच सुरात. माझ्या अंगावर काटा आला. बाहेरची शिट्टी असती तर काट्याबरोबर तिचा सूर बदलला असता. प्रत्येक स्टेशनावर तोच सूर याचा अर्थ गोंगाट स्टेशनाच्या फ्रिक्वेन्सीवर नाहीच, रेडिओच्या पोटातल्या ४५५ च्या अगदी शेजारी बसलाय आणि थेट तिथेच घुसतोय. आणि माझा सोनार ऐकतो तोही तिथेच.

एकेक पार्ट बंद करत गेलो. शिट्टी गेली ती १२ व्होल्टचे ५ करणारं निळं मॉड्यूल काढल्यावर. सगळ्यांच्या खणात असतं ते, एलएम२५९६ चं. स्वस्त आणि मस्त, त्याला दोष नाही. पण ते सेकंदाला दीड लाख वेळा उघडझाप करतं, १५० किलोहर्ट्झ. १५० त्रिक ४५०. प्रत्येक नग थोडा पुढे-मागे असतो, माझा पुढे होता. त्याची तिसरी पट माझ्या फिल्टरच्या दारातून बिनदिक्कत आत येत होती. माशाच्या काट्यांची नक्षी हीच. ते काढून जुनाट ७८०५ लावला, उघडझाप न करता ५ व्होल्ट देणारा. तो गरम होतो, बॅटरी जास्त खातो, पण गप्प असतो. त्याला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कसला आणि पट्टी पाइपाच्या भिंतीला टेकवली. बाहेर अख्खं धरण थंड करायला आहे. १८० चे ७० झाले.

दुसरं मॉड्यूलही होतंच. पिंग मारायला ३०० व्होल्ट लागतात, ते तयार करणारं. ते काढता येत नाही. म्हणून त्याला वेळ लावून दिली. पिंग गेला की पुढचे ४० मिलिसेकंद ते बंद, ऐकणं संपलं की उरलेल्या १० मध्ये कपॅसिटर भरून घ्यायचा. एका ट्रान्झिस्टरचं काम. ७० चे ४०.

मग केबल. आधी सिरॅमिक पट्टी थेट ४० मीटर कोॲक्सला, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या गोल केबलला, जोडली होती आणि ॲम्प्लिफायर बोटीवर. कोॲक्सची कपॅसिटी मीटरला शंभरेक पिकोफॅरड, म्हणजे ४० मीटरला ४ नॅनो. माझी पट्टी स्वतः १.३ नॅनोची. प्रतिध्वनीचं व्होल्टेज वाटेतच चौथ्या हिश्श्यावर येत होतं, आणि त्या उरल्यासुरल्या सिग्नलवर ४० मीटरचा एरियल सगळ्या जगाचा गोंगाट ओतत होता. हे गणित आधी पाच मिनिटांत होण्यासारखं होतं, मी दोन महिन्यांनी केलं. आता जेफेट ट्रान्झिस्टरचा छोटा ॲम्प्लिफायर, प्रीॲम्प, माशाच्या पोटातच, पट्टीपासून तीन बोटांवर. तिथून सिग्नल दोन उलट्या तारांवर निघतो, पीळ घातलेल्या जोडीतून. केबल बाहेरच्या वायरिंगची, वरून फॉइल असलेली कॅट-६, इंटरनेटला वापरतात ती. ताण तिच्यावर येऊ नये म्हणून बरोबर नायलॉनची दोरी, दर हाताला टाय. दोन्ही बाजूंचे सिग्नल एका वेळी पाठवले की डाव्या चित्राचं भूत उजवीकडे दिसायचं, म्हणून एक पिंग डाव्याचा आणि एक उजव्याचा असं केलं. प्रत्येक बाजूला सेकंदाला दहाच ओळी मिळतात. बोट सावकाश, सेकंदाला मीटरभर चालली तर ओळींत दहा सेंटिमीटरचं अंतर. जोती बघायला तेवढं बास.

शेततळ्यात आकडा १४ वर आला. मी पेढे आणले.

जानेवारीत परत बोटीवर. १४ ची खात्री होती, म्हणून मामांनाही नेलं. इंजिन सुरू केलं आणि पाऊस परत. या वेळी नक्षी नव्हती, पण ठिपके होते, आणि त्यांच्या तळाशी एक करडा धुरळा. वर काळा पडदा होताच. मामा काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. त्यांचं न बोलणं मला माहीत आहे.

काळ्या पडद्याचं उत्तर आण्णांनीच दिलं. ‘‘आवो, पंख्याच्या फेसात सोडलंय तुम्ही.’’ पंख्यामागच्या पाण्यात हवेचे बुडबुडे भरलेले असतात, आणि आवाजाला बुडबुडा म्हणजे भिंत. मासा बरोबर त्या फेसातून चालला होता. त्यांनी एक बांबू आडवा बांधला, मासा बोटीच्या बाजूला दीड मीटर बाहेर काढला, शिसं थोडं वाढवून खाली नेला. दोरीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, त्यामुळे लाटेने बोट उचलली तरी माशाला हिसका बसत नाही. पडदा गेला तो गेलाच. माझी दोन महिन्यांची वही एकीकडे आणि त्यांचा बांबू एकीकडे.

ठिपके ठिणगीचे होते. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला स्पार्क प्लगची एक ठिणगी, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे छोटासा रेडिओ स्टेशन. रेस बदलली की सरींचा तिरकेपणा बदलायचा. १२०० फेऱ्यांवर सेकंदाला २० ठिणग्या आणि माझे पिंगही २०. तिथे सगळे ठिपके एकाखाली एक उभे राहून एक सुंदर सरळ रेषा काढत. मी घटकाभर तिला पाइपलाइन समजलो होतो. रेझिस्टर असलेला प्लग बसवला, केबल इंजिनाच्या दुसऱ्या अंगाने नेली, ठिपके निम्म्याहून कमी झाले. उरलेले सॉफ्टवेअरने: तीन शेजारच्या ओळींतला मधला आकडा घ्यायचा, म्हणजे एकाच ओळीत आलेला ठिपका आपोआप गळतो. मात्र रेस १२०० वर नको, तिथे ठिपके तिन्ही ओळींत असतात. आण्णांना सांगितलंय, थोडी चढी ठेवा. ही युक्ती मी मुद्दाम शेवटी वापरतो. आधीच वापरली असती तर चित्र गुळगुळीत दिसलं असतं आणि खालचा तळही त्यातच पुसला गेला असता.

राहिला करडा धुरळा. याने मात्र माझा जीव खाल्ला.

मासा पाण्याबाहेर, इंजिन चालू: १६. मासा पाण्यात, इंजिन बंद: १४. मासा पाण्यात आणि इंजिन चालू: ९०. कुणीही म्हणेल की हा इंजिनाचा खराखुरा आवाज आहे, पाण्यातून येणारा, मीही म्हणालो. केबल ६० मीटर करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात सुचलं म्हणून पट्टी सोडवली आणि तिच्या जागी १.२ नॅनोचा साधा कपॅसिटर जोडला. कपॅसिटरला कान नसतात. मासा पाण्यात, इंजिन न्यूट्रलमध्ये चालू. ९०.

तर हा आवाज नव्हताच. वीज होती, आणि ती पाण्यातून येत होती. मी बोटीवर बसून कागदावर वाट काढली. सोनारला मी स्वतंत्र बॅटरी दिली होती, यूपीएसची ७ एएचची, म्हणून माझी समजूत की इंजिनाशी त्याचा संबंध नाही. पण माझा लॅपटॉप जुना, अर्ध्या तासात बसतो, म्हणून तो बोटीच्या बॅटरीवर कारचा चार्जर लावून चालवत होतो. ती बॅटरी इंजिन चार्ज करतं. इंजिनाची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला, निगेटिव्ह चार्जरमधून लॅपटॉपला, लॅपटॉप यूएसबीने सोनारला, सोनारची ग्राउंड केबलच्या फॉइलमधून माशापर्यंत. आणि माशात ती ग्राउंड मी नाकाच्या त्या स्टीलच्या बोल्टला घट्ट आवळली होती, कारण तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय की अर्थिंग चांगलं पाहिजे. बोल्ट पाण्यात. पाण्यातून वाट सरळ इंजिनाच्या पायापर्यंत. वर्तुळ पूर्ण! मासा बाहेर काढला की ते तुटायचं, म्हणून हवेत सगळं स्वच्छ.

चार्जरची पिन उपटली. १५.

मामांनी विचारलं, ‘‘झालं?’’ मी नुसतीच मान हलवली. मग माशाच्या नाकाची ग्राउंडही सोडवून टाकली, फॉइल आता एकाच टोकाला, बोटीकडच्या, जोडलेलं आहे. लॅपटॉपला दुसरी बॅटरी विकत घेतली.

मग फेब्रुवारीतली एक सकाळ, पाणी काचेसारखं. गावठाणावरून पाच फेऱ्या मारल्या. एका फेरीत मासा कुणाच्या तरी जाळ्यात अडकला, ते सोडवून, फाटलेल्याची भरपाई आण्णांमार्फत पोचती केली. तिसऱ्या फेरीला उजव्या बाजूला एक उजळ रेघ आली आणि तिच्यामागे काळी सावली. सोनारमध्ये सावलीच खरं बोलते. मासा तळापासून ५ मीटर वर होता, सावली ४ मीटर लांब, तिचं टोक २० मीटरवर. चारला पाचाने गुणून विसाने भागलं, उंची १ मीटर. लांबी आली ६.४. वहीत ६.२ आणि १.०५. दोन मोसमांत थोडा गाळ बसला असेल, किंवा माझी बोट तेवढी सरळ गेली नसेल.

भिंतीच्या अलीकडे एक गोल काळं भोक. मामा स्क्रीनवर वाकले, बोट टेकवलं, त्याचा डाग अजून आहे.

‘‘ह्यो आड.’’

‘‘चावडीपुढचा ना?’’

‘‘चावडी कुठंय? चावडी ह्या अंगाला. ह्यो आपला न्हाई, तेल्याचा आड ह्यो. उन्हाळ्यात बी तुला सांगत हुतो, तू चुकीचं लिवलंस.’’

वही काढून बघितली. मी चावडीपुढचा आडच लिहिलं होतं. आता आमचं भांडण यावर आहे की टेप धरताना उत्तर कुठली धरली होती, आणि ते पाणी परत खाली गेल्याशिवाय मिटणार नाही. तोवर डाव्या चित्रात २२ मीटरवर एक फिकट रेघ अजून येते. आण्णांनी फोन खिशातून काढून पेटीत ठेवला की ती जाते असा माझा संशय आहे, पण ते फोन सोडायला तयार नाहीत.